सॉफ्टवेअर-पुस्तिकांची पृष्ठमांडणी

सॉफ्टवेअर कसे वापरावे हे सांगणाऱ्या पुस्तिकेचा एकच मूळ मजकूर निरनिराळ्या मापांच्या कागदांवर, पडद्यांवर आणि निरनिराळ्या जातींच्या फायलींत उतरविण्याची विद्या. ज्या मजकुराची आवृत्ती वर्षातून अनेकदा पालटते तो ए-४ कागदासाठी एकदा, बांधीव पुस्तकासाठी दुसऱ्यांदा आणि मोबाइलसाठी तिसऱ्यांदा हाताने मांडणे म्हणजे तीन स्वतंत्र पुस्तिका सांभाळणे होय, व त्या तिहींत कालांतराने तफावत पडल्यावाचून राहत नाही. म्हणून मूळ मजकुरात हे शीर्षक, ही पायरी, ही आज्ञा, ही ताकीद एवढीच रचना नोंदवावी आणि माप, समास, टंक व ओळींतील अंतर यांची तजवीज त्याहून अलग ठेवावी, हे या विद्येचे आद्य सूत्र आहे.

मराठी वाचकांच्या परंपरेस हे सूत्र अपरिचित नाही. ज्ञानेश्वरी आडव्या सुट्या पत्रांच्या पोथीत असो, खिशात मावणाऱ्या गुटक्यात असो वा टिपांसह छापलेल्या जाड ग्रंथात असो, तिच्यातील स्थळाचा निर्देश अध्याय आणि ओवी यांच्या क्रमांकाने केला जातो, पृष्ठांकाने नव्हे. आणि पाठभेदामुळे पडणारा थोडाफार फरक सोडला तर एकाच्या हातातील पोथीवरून दुसऱ्याच्या हातातील गुटक्यात तेच वचन काढता येते. याउलट ‘पाहा, पृष्ठ ४२’ असा हवाला देणारी पुस्तिका माप बदलताच वाचकाला भलतीकडे नेते. हवाला प्रकरण व कलम यांच्या क्रमांकाने द्यावा, पृष्ठांक हवाच असेल तर तो छपाईच्या वेळी यंत्राने भरावा, हा नियम पाळलेला असेल तर माप बदलण्याच्या पुढील अडचणी बऱ्याच अंशी सौम्य होतात.

कागदाच्या मापांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आपल्याकडील छापखान्यांत डेमी, क्राउन व रॉयल आणि कचेऱ्यांत फूलस्केप ही ब्रिटिश मापे दीर्घकाळ चालली, व त्यांच्यात परस्परांशी गणिती नाते असे काही नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ लिख्टेनबेर्ग याने १७८६ मधील एका पत्रात दाखवून दिले होते की, कागदाची उंची व रुंदी यांचे प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतके ठेवल्यास कागद मधोमध दुमडला तरी त्याचा आकार तोच राहतो. वाल्टर पोर्स्टमान याने त्यावर उभारलेली मापपद्धती १९२२ मध्ये जर्मनीचे मानक झाली आणि १९७५ मध्ये तीच आंतरराष्ट्रीय मानक ठरली. तिच्यातील ए-० चे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. ए-४ हा २१० × २९७ मिलिमीटर आणि ए-५ हा १४८ × २१०. अमेरिकेत मात्र ‘लेटर’ हे माप टिकून राहिले असून ते ए-४ पेक्षा सुमारे ६ मिलिमीटरने रुंद व १८ मिलिमीटरने आखूड आहे, त्यामुळे तिकडे रचलेली पुस्तिका येथे छापताना तळाशी जागा रिकामी तरी राहते किंवा कडेचा मजकूर तरी कापला जातो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही १ एप्रिल २०२० पासून आपल्या कामकाजात ए-४ कागद स्वीकारला.

ए-४ चे पान ए-५ वर छापण्यासाठी ते ७१ टक्क्यांपर्यंत लहान करावे, हा उपाय सोपा दिसतो. परंतु सॉफ्टवेअर-पुस्तिकेस तो मानवत नाही, कारण तिच्यातील आज्ञांच्या ओळी मनास येईल तेथे तोडता येत नाहीत. १९२८ च्या आयबीएम छिद्रपत्रापासून ८० अक्षरांची ओळ रूढ झाली. समान रुंदीच्या टंकात प्रत्येक अक्षर टंकाच्या आकाराच्या सहा दशांश जागा घेते असे धरले, तर १० पॉइंटमध्ये ८० अक्षरांना सुमारे १६९ मिलिमीटर लागतात. दोहों बाजूंस २० मिलिमीटर समास ठेवलेल्या ए-४ पानावर ती ओळ जेमतेम बसते. ए-५ वर १५ मिलिमीटर समास ठेवल्यास तीच ओळ सुमारे ७ पॉइंटवर आणावी लागते, आणि इतक्या बारीक अक्षरांत स्वल्पविराम व पूर्णविराम यांचा घोटाळा झाला की आज्ञा फसते. लेखकाने मुळातच ओळ आखूड ठेवावी, अथवा ती कोठे तोडली आहे हे खुणेने स्पष्ट दाखवावे.

साधनांपैकी डोनाल्ड क्नुथ याची टेक ही पृष्ठरचनेची प्रणाली (१९७८) आणि तिच्यावर आधारलेले टेक्सइन्फो ही आदरणीय होत. टेक्सइन्फोत एकाच मूळ फाइलीतून पडद्यावरील व छापील प्रत निघते, आणि ए-४ ऐवजी ७ × ९¼ इंची लहान पुस्तक हवे असेल तर प्रारंभीची एक आज्ञा बदलणे पुरते. मजकुराची रचना नोंदविणारे डॉकबुक १९९१ चे. पीडीएफ १९९३ मध्ये आली व २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली. पीडीएफ पान जसेच्या तसे गोठवते, तर एचटीएमएल व ईपब मजकुरास पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहू देतात.

नागरी लिपीच्या गरजा वेगळ्या आहेत, आणि रोमनसाठी आखलेले साचे त्यांची कदर करीत नाहीत. शिरोरेषेवरील मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खालचे उकार यांमुळे जिथे रोमनच्या १० पॉइंटला १२ पॉइंटची ओळ पुरते, तिथे नागरीस १५ ते १६ पॉइंट द्यावे लागतात. मग पाने वाढतात, आकृत्या सरकतात. अरुंद स्तंभात ‘अद्ययावतीकरणासाठी’ यासारखे शब्द आले की दोन्ही कडा समान करण्याच्या हट्टाने मध्ये खिंडारे पडतात. तेथे उजवी कड मोकळी सोडावी. परंतु याहून मोठी हानी जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांनी केली आहे. त्यांत रचलेली पुस्तिका कागदावर सुबक दिसते, पण तिच्यातील अक्षरे यंत्राला मराठी म्हणून ठाऊकच नसल्याने ती मराठीत शोधता येत नाहीत व दुसऱ्या प्रकारात सरळ नेता येत नाहीत. १९९१ पासून युनिकोडात देवनागरी आहे आणि टेकच्या झीटेक या २००४ च्या विस्ताराने ती थेट मांडण्याची सोय केली. त्यानंतरही मराठी मजकूर जुन्या फाँटांत कोंडून ठेवणे अक्षम्य आहे.

वापरणाऱ्याच्या बाजूने पाहता पनवेल तालुक्यातील करंजाडे हे बोलके उदाहरण आहे. मूळ गावाशेजारी सिडकोची वसाहत उभी राहिल्यामुळे शेताचा सातबारा पाहणारे आणि सदनिकेच्या दस्ताची नोंदणी करणारे असे दोन्ही प्रकारचे रहिवासी येथे संगणकाच्या आश्रयाने कामे करतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर चालू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची असते. बांधावर उभे राहून त्या नोंदीच्या पुस्तिकेची ए-४ मापाची पीडीएफ सुमारे ७० मिलिमीटर रुंदीच्या पडद्यावर उघडली, तर पान एकतृतीयांश होते व १२ पॉइंटचे अक्षर ४ पॉइंटचे दिसते. पान बोटांनी ताणून प्रत्येक ओळ डावीउजवीकडे सरकवीत वाचण्याचे कष्ट ज्याच्यासाठी पुस्तिका लिहिली त्याच्यावरच पडतात. येथे पडद्यानुसार वाहणारी प्रत प्रथम द्यावी आणि ए-४ ची छापील प्रत जोडीला असावी. ती प्रत बहुधा झेरॉक्सच्या दुकानात काळ्या शाईत निघते, म्हणून ताकीद केवळ लाल रंगाने न दाखविता ‘सावधान’ या शब्दाने व चौकटीने दाखवावी. दुव्याचा पत्ता अक्षरांत छापावा. आणि सुटी पाने हातोहात फिरतात हे ध्यानी घेऊन प्रत्येक पानाच्या तळाशी पुस्तिकेचे नाव, आवृत्तीचा क्रमांक व दिनांक घालावा.