कुंकू काळे का दिसते? कृष्णधवल पुराव्याची एक तपासणी

कृष्णधवल छायाचित्रात कुंकू काळे दिसले की ते फार जुने, असे अनुमान सहज केले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक काचेच्या प्लेट मुख्यतः निळा प्रकाश टिपत. म्हणून त्यांत तांबडे-पिवळे काळवंडे, हे खरे. पण १९४२ साली ‘कोडाकलर’ ही रंगीत निगेटिव्ह फिल्म आली आणि तोच दोष डार्करूममधून परतला. साधा ब्रोमाइड कागदही मुख्यतः निळाच प्रकाश ओळखतो. तांबड्या-पिवळ्या वस्तूंच्या जागी रंगीत निगेटिव्ह निळा प्रकाश मोकळा सोडते. म्हणून कुंकू आणि हळद दोन्ही गडद उतरतात, निळे आकाश फिके पडते. पुढे निगेटिव्हला नारिंगी छटा आली. तिने निळा प्रकाश अडवला आणि एक्स्पोजर लांबले. कोडॅकचा ‘पॅनाल्युअर’ कागद सर्व रंग टिपे, पण नेहमीच्या लाल दिव्याखाली तो हाताळता येत नसे. २००५ साली कोडॅकने कृष्णधवल कागद बंद करण्याचे जाहीर केले. तेव्हा प्रिंटवरून छायाचित्राचा काळ किंवा लुगड्याचा रंग ठरवण्याआधी, उपलब्ध असल्यास, मूळ निगेटिव्ह पाहावी, एवढेच माझे म्हणणे आहे.