बालीगंजची घरे आणि उष्णतेचा पंप

उन्हाळ्याशी माणसाने जी झुंज दिली, तिचा इतिहास बराचसा उष्णतेच्या स्थलांतराचा इतिहास आहे. थंडी निर्माण करता येत नाही. उष्णता तेवढी एका जागेहून दुसरीकडे नेता येते. कलकत्ता, म्हणजे आजचे कोलकाता, आणि त्याच्या दक्षिणेचे बालीगंज यांची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे.

विदर्भात वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडले की घर गार होते. तेथील कोरडी हवा पाणी शोषून घेते, आणि पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडते. बंगालची हवा आधीच बाष्पाने भरलेली. तेथे हा उपाय लंगडा पडतो. म्हणून कलकत्त्याच्या श्रीमंत घरांत छताला झालरीचे पंखे टांगले गेले, आणि त्यांच्या दोऱ्या ओढण्यास माणसे ठेवली गेली. धनी निद्रासुख घेत असता दोरी ओढणारा घामाने भिजत असे. एकाचा उकाडा दुसऱ्याच्या माथी जाई, हे विसरण्याजोगे नाही.

बर्फाचीही हौस होती. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री हुगळीकडे मातीच्या उथळ भांड्यांत पाणी भरून ती पेंढ्यावर ठेवीत, आणि पहाटेपर्यंत धरलेला पातळ बर्फ गोळा करीत. पुढे १८३३ साली बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी सुमारे १०० टन पोहोचला. शहराने लोकवर्गणीतून बर्फघर उभारले. अमेरिकेतील तळ्यांचे पाणी अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून कलकत्त्याच्या पेल्यात पडू लागले. यंत्राने बर्फ बनू लागला, तसा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा व्यापार संपला.

त्या यंत्राचे तत्त्व आजच्या उष्णतेच्या पंपाचेच होय. एक द्रव कमी दाबाखाली वाफ होताना भोवतालची उष्णता शोषतो; तीच वाफ यंत्राने दाबली की तापते, आणि पुन्हा द्रव होताना ती उष्णता दुसरीकडे सोडते. १८५० च्या सुमारास स्कॉटलंडचे ज्योतिर्विद पियाझी स्मिथ यांनी उष्ण देशांतील खोल्या दाबलेल्या हवेच्या साहाय्याने गार करण्याची योजना मांडली. १८५२ साली विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी अशाच यंत्राने इमारती गार तशाच उबदारही करता येतील, असे दाखविले. १९३८ साली झुरिकच्या नगरभवनात अशा पंपाने लिम्मात नदीच्या पाण्यातील उष्णता उचलून सभागृहे उबदार केली. गार करणारे आणि ऊब देणारे यंत्र एकच. फरक फक्त दिशेचा.

इकडे कलकत्त्यास १८९९ साली इमामबाग गल्लीतील केंद्रातून वीज मिळू लागली, आणि पुढे विजेच्या पंख्यांनी दोरी ओढणाऱ्यांची जागा घेतली. १९१२ साली स्थापन झालेल्या सुधारणा न्यासाने दक्षिणेकडील शहराची आखणी केली. रुंद रस्ते झाले, ढाकुरियाचा तलाव खोदला गेला, आणि बालीगंज मध्यमवर्गीयांची वस्ती म्हणून वाढली. तेथील जुन्या घरांना झडपांच्या खिडक्या, उंच छते, खोल व्हरांडे असत. दक्षिणेचा वारा घरात यावा म्हणून खोल्यांची तोंडे दक्षिणेस ठेवीत. हे सौंदर्य म्हणून जितके होते, तितकेच हिशेबाचे होते.

हा हिशेब आज पुन्हा मांडावा लागत आहे. चांगला पंप एक भाग वीज घेऊन सुमारे तीन भाग उष्णता घराबाहेर टाकतो. हिवाळ्यात त्याची दिशा उलटवून पाणी तापविले, तर साध्या विजेच्या शेगडीहून पुष्कळ कमी वीज लागते. परंतु हे सामर्थ्य दोन्हीकडच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून आहे. अंतर जितके कमी, तितके यंत्राचे श्रम कमी. शिवाय उन्हातून आत झिरपणारी उष्णता जितकी थोडी, तितके काम थोडे. म्हणूनच सावली, झडपा, जाड भिंती यांनी काम हलके होते. उघड्या काचेच्या खोलीत तेच यंत्र दुप्पट राबते.

आणि बाहेर टाकलेली उष्णता जाते कोठे? तीन भाग घरातले, एक भाग विजेचा, असे चार भाग शेजारच्या गल्लीत उतरतात. तेथे ज्याच्या घरी यंत्र नाही, त्याच्या वाट्याला ती झळ येते. दोरी ओढणारा माणूस दृष्टीआड झाला, पण त्याचा प्रश्न राहिला आहे. यंत्र कोणते घ्यावे यापूर्वी घर कसे बांधावे, याचा विचार झाला, तरच हे सुख दुसऱ्याच्या घामावर उभे राहणार नाही.