पुस्तकात नाव नसलं, तरी गाव आपलंच



भिवंडीचं नाव बाहेर कुठं काढलं की समोरचा माणूस दोनच गोष्टी बोलतो, यंत्रमाग आणि दंगल. अलीकडे गोदामांची भर पडली आहे. पुस्तकाचं नाव मात्र कोणी घेत नाही. खरं सांगायचं तर आम्हीही घेत नव्हतो. लेखक म्हणजे पुण्यामुंबईचे, असंच आम्ही धरून चाललो होतो. मग आम्ही काही जणींनी शोधायला घेतलं, की आपल्या गावाशी, आपल्या जिल्ह्याशी नातं असलेली पुस्तकं आहेत तरी कोणती? त्यातल्या तीन पुस्तकांविषयी आज बोलू या.

पहिलं पुस्तक हिंदी आहे, भीष्म साहनींची ‘तमस’ ही कादंबरी. १९७५ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. साहनी रावळपिंडीचे आणि गोष्ट फाळणीच्या तोंडावरच्या पंजाबातली. मग ती आमच्या यादीत कशी आली? त्याचं उत्तर साहनींच्या ‘आज के अतीत’ या आत्मचरित्रात आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल पेटली. त्यानंतर साहनी आपले थोरले भाऊ, अभिनेते बलराज साहनी यांच्याबरोबर इथं आले. इथल्या उजाड वस्त्या पाहताना त्यांना १९४७ सालची रावळपिंडी आठवली. ते दंगे त्यांनी स्वतः पाहिले होते. दिल्लीला परतल्यावर त्यांनी लिहायला घेतलं आणि ‘तमस’ झाली. म्हणजे गोष्ट पंजाबची, पण ती लिहायला लावली भिवंडीनं.

या कादंबरीतली राजो आम्हाला विसरता येत नाही. घरदार सोडून पळालेले हरनामसिंग आणि बंतो हे म्हातारे शीख जोडपं तिच्या दाराशी येतं. राजो मुसलमान आहे. घरचे पुरुष लुटीला गेलेले आहेत. तरीही ती दोघांना आसरा देते. गोविंद निहलानींनी या कादंबरीवर केलेली मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली, ती तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी पाहिली असेल. सुरेखा सिक्री राजो झाल्या होत्या आणि हरनामसिंग स्वतः भीष्म साहनी. आपल्याकडेही त्या मे महिन्यात कोणी कोणाला घरात घेतलं, हे आपल्या आज्यांना, आयांना ठाऊक आहे. ते घरातच बोललं जातं, बाहेर येत नाही.

दुसरं पुस्तक मराठी, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ लेखक सुरेश खोपडे हे पोलीस अधिकारी होते. १९८४ साली भिवंडीत पुन्हा मोठी दंगल झाली. त्यानंतर १९८८ साली खोपडे इथं पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. कमिटीत त्याच वस्तीतले हिंदू आणि मुसलमान आणि त्यांच्याबरोबर त्या भागाचा पोलीस. दंगल झाल्यावर शांतता समिती भरवायची, ही जुनी रीत. इथं मात्र काही झालेलं नसताना माणसं एकत्र बसू लागली. त्यामुळे अफवा उठली तर खरं काय ते कोणाला विचारायचं, हे ठाऊक झालं. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली, मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. ज्या गावाचं नाव दंगलीसाठी घेतात, त्याच गावानं दंगल कशी टाळावी हे दाखवलं. हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. पुस्तक पोलीस अधिकाऱ्यानं लिहिलेलं आहे, एवढं लक्षात ठेवून वाचावं. त्या दिवसांत घराघरांत काय चाललं होतं, मुलांना दाराबाहेर पडू न देता कोणी धरून ठेवलं, हे घरातल्या बायकांनीच सांगायला हवं.

तिसरं पुस्तक एका बाईनं लिहिलेलं आहे, गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’. ते १९७० साली निघालं आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तलासरी, डहाणू हा भाग तेव्हा आपल्या ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात गेला. तिथल्या वारल्यांना सावकार आणि जमीनदार वेठीला धरत. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही धन्याच्या घरी राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली वारल्यांनी ही वेठ मोडली. गोदावरीबाई त्या लढ्यात होत्या. आपल्या तालुक्यातही वारली, कातकरी पाडे आहेत. त्यांच्याकडे पाहण्याची आमची नजर या पुस्तकानं बदलली.

ही तीन पुस्तकं शोधताना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, लेखकाचं जन्मगाव पाहून थांबायचं नाही. प्रस्तावना वाचायची, आत्मचरित्र चाळायचं. गावाचं नातं कधी कधी तिथं सापडतं. दुसरी म्हणजे, आपलं गाव एका भाषेत मावत नाही. इथं मराठी आहे, उर्दू आहे, हिंदी आहे, तेलुगू आहे. आमच्यातल्या काही जणींना उर्दू लिपी येत नाही, काहींना मराठी वाचता येत नाही. म्हणून जिला जे येतं ते ती मोठ्यानं वाचते, बाकीच्या ऐकतात.

आणि एक पुस्तक आम्हाला कुठं मिळालं नाही. घरी बसून कांड्या भरणाऱ्या, रात्रपाळीवरून येणाऱ्या माणसाची भाकरी झाकून ठेवणाऱ्या, दंगलीत शेजारणीची पोरं पदराखाली घेणाऱ्या भिवंडीच्या बाईनं स्वतः लिहिलेलं पुस्तक. १९७० साली दहाबारा वर्षांच्या असलेल्या मुली आज पासष्टीच्या घरात आहेत. तुमच्या घरी, शेजारी अशी कोणी असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा, वही घ्या आणि ती सांगेल ते तिच्याच भाषेत उतरवून ठेवा.