मलकापुरची खंडणी आणि नगरसेवकाची जबाबदारी

इ. स. १७६१ च्या सुमारास रघुनाथराव पेशव्यांच्या फौजेस साठ हजार रुपये देऊन मलकापुरानें आपली लूट टाळली, ही गोष्ट वऱ्हाडच्या इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. एवढी रक्कम देण्याइतकी ही पेठ सधन होती, असा निष्कर्ष तीवरून काढण्यांत येतो. तो खोटा नव्हे. परंतु आम्हांस दुसराच प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. गांवाच्या नांवानें दिलेल्या पैशाचा हिशेब गांवास विचारतां येत होता काय?

आईन-इ-अकबरींत मलकापूर हें नरनाळा सरकारांतील परगण्याचें ठिकाण म्हणून आलें आहे. पुढें निजाम व नागपूरकर भोसले यांच्या दुअंमली कारभारांतही परगण्याचें काम देशमुख-देशपांड्यांकडेच राहिलें. वतन वंशपरंपरेचें, वतनदार वसुलाबद्दल सरकारास जबाबदार, रयतेस नव्हे. प्रसंगीं तो रयतेच्या बाजूनें भांडे, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तो न भांडल्यास त्यास दूर करण्याचा उपाय रयतेच्या हातीं नव्हता.

तो उपाय हातीं येण्यास फार काळ लोटला. लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८ मे १८८२ चा, वऱ्हाडचा म्युनिसिपल कायदा १८८६ चा आणि मलकापुरची म्युनिसिपालिटी १९०५ ची. आरंभींच्या कमिट्यांत सरकारनियुक्त सभासद असत व मताचा हक्क थोड्यांसच असे. तेव्हां त्या काळाविषयीं ‘लोकनियुक्त’ हा शब्द जपूनच वापरावा. सर्व प्रौढांस मत मिळालें तें स्वातंत्र्यानंतर.

महाराष्ट्राच्या १९६५ च्या अधिनियमानें दिवाबत्ती, झाडलोट, पाणीपुरवठा, जन्ममृत्यूची नोंद हीं नगरपरिषदेचीं आवश्यक कर्तव्यें ठरविलीं. गटार तुंबलें कीं लोक नगरसेवकाच्या दारीं जातात, तें स्वाभाविकच आहे. तथापि एकट्या सभासदास हुकूम सोडण्याचा अधिकार नाहीं. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे. नगरसेवकाचें बळ सभेंत आहे: अंदाजपत्रक मंजूर करणें, ठराव मांडणें, मक्त्यांवर नजर ठेवणें. सभेस मुकाट बसून गल्लींत धांवपळ करणारा सभासद लोकप्रिय होईल, पण त्याचें मुख्य काम पडूनच राहील.

जुन्या व नव्या व्यवस्थेंतील खरा भेद आम्हांस एका कलमांत दिसतो. वसुलांत वांटा हा वतनदाराचा हक्क होता. उलट परिषदेच्या कामांत वा मक्त्यांत प्रत्यक्ष किंवा आडून हितसंबंध असणें ही नगरसेवकाची अपात्रता आहे. आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यामुळें त्या मक्त्याची नक्कल कोणाही नागरिकास अर्ज करून मागतां येते.