धर्मोत्साह आणि देवप्रेम

कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास व केळशीची शांतादुर्गा कवळ्यास का गेली, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने साष्टीतील देवळे पाडली व भाविकांनी रातोरात दैवते नदीपार नेली. परंतु ज्या धर्माची पहिली आज्ञाच ‘देवावर सर्वस्वाने प्रेम कर’ अशी आहे, त्याच्या सेवकांकडून हे कसे घडले, हा प्रश्न उरतोच.

इटलीतील सरदारकुळात जन्मलेला जेझुइट रुडॉल्फ आक्वाविवा १५८० मध्ये अकबराच्या दरबारी गेला. तेथे त्याच्याजवळ वादविवाद व प्रार्थना यांवाचून दुसरे साधन नव्हते. पुढे तो गोव्यास परतला. जुलै १५८३ मध्ये चर्चसाठी जागा पाहावयास तो सोबत्यांसह कुंकळ्ळीस गेला. देवळे गमावलेल्या ग्रामस्थांनी त्याच्यासह पाच जेझुइटांना ठार केले. त्यानंतर गावच्या गावकारांना बोलणीच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारण्यात आले. आरोप नाही, साक्ष नाही, निवाडा नाही. कायद्याच्या दृष्टीने यास शिक्षा म्हणताच येत नाही.

१८९३ मध्ये रोमने त्या पाचांना ‘धन्य’ घोषित केले; गावकारांचे स्मारक आज कुंकळ्ळीत आहे. दोन्ही पक्ष श्रद्धेपायी मेले. भेद इतकाच, की एका श्रद्धेमागे राजसत्तेची तलवार होती. आक्वाविवाचा धर्मोत्साह दरबारात होता तोच कुंकळ्ळीत होता. पण तलवारीच्या छायेत त्याचा अर्थ पालटला.

त्याच साष्टीत इंग्लंडहून १५७९ मध्ये आलेले फादर थॉमस स्टीफन्स होते. सहकाऱ्यांचे मृतदेह मिळविण्याची खटपट त्यांनाच करावी लागली. त्यांनी सूड मनात धरला असता तरी नवल नव्हते. त्यांनी हाती घेतली ती भाषा. १६१६ मध्ये छापलेले सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत आहे. कोकणीचे त्यांनी रचलेले व्याकरण १६४० मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाले. नवख्रिस्तींची श्रद्धा दृढ करावी हाच त्यांचा हेतू होता, हे आम्ही झाकत नाही. आधी पुराणे हिरावली गेली आणि मग हे पुराण आले, हेही खरे. तथापि ओवीला श्रोता लागतो, आणि श्रोत्यास उठून जाण्याची मोकळीक असते. याच्या उलट, १६८४ च्या फर्मानाने कोकणी तीन वर्षांत सोडण्याची आज्ञा झाली. सत्तेचा उत्साह स्टीफन्सच्या परिश्रमांवरही उलटला!

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले की, धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये. हा विचार त्या पहिल्या आज्ञेतच होता. कारण सक्तीने केलेले प्रेम हे प्रेमच नव्हे. देवप्रेम अग्रभागी असले म्हणजे धर्मोत्साह भाषा शिकतो. ते मागे पडले म्हणजे देवळे पाडतो. ही कसोटी केवळ कॅथलिकांसाठी नाही. आपापल्या देवस्थानाचा अभिमान वाहणाऱ्या आम्हा सर्वांनाही ती लागू आहे.