सामोपचाराचा घटस्फोट जेव्हा गैर मानला जाई

१/ नवरा-बायकोने कटुता न वाढवता, देण्याघेण्याचा हिशेब मिटवून वेगळे व्हावे, हे आज शहाणपणाचे समजले जाते. इंग्लंडमध्ये मात्र शंभराहून अधिक वर्षे असे आपसांत ठरवणे हेच घटस्फोट नाकारण्याचे कारण ठरू शके. हा थ्रेड त्या उलट्या न्यायाविषयी.

२/ १८५७ पूर्वी पुनर्विवाहाची मुभा देणारा घटस्फोट हवा असेल, तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा संमत करून घ्यावा लागे. हा मार्ग अर्थातच धनवंतांचा. १८५७च्या कायद्याने हे काम न्यायालयाकडे सोपवले. पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखा आणखी एक दोष दाखवावा लागे. ही विषमता १९२३ साली संपली.

३/ या कायद्याचे गृहीतक असे : एक पक्ष दोषी, दुसरा निर्दोष. दोघांनी मिळून ठरवल्याचे दिसले, तर ते ‘संगनमत’ ठरून अर्ज फेटाळला जाई. १८६० पासून हुकूमनामा आधी सशर्त निघू लागला. तो अंतिम होण्यापूर्वी ‘क्वीन्स प्रॉक्टर’ हा सरकारी विधी अधिकारी चौकशी करून हरकत घेऊ शके.

४/ मग लोकांनी नाटके रचली. पती एखाद्या परक्या स्त्रीसह हॉटेलात उतरे, सकाळी चहा घेऊन येणारी मोलकरीण दोघांना एका खोलीत पाही, आणि तीच न्यायालयात साक्ष देई. समजूतदारपणे वेगळे होऊ पाहणाऱ्यांना कायदाच खोटे बोलायला लावत होता.

५/ प्रसिद्ध उदाहरण वॉलिस सिम्प्सनचे. २७ ऑक्टोबर १९३६ रोजी इप्सविच येथे तिला सशर्त हुकूमनामा मिळाला. पुरावा पतीच्या हॉटेलमुक्कामाचा. संगनमताच्या संशयावरून प्रॉक्टरने चौकशी केली, पण हाती काही लागले नाही. मे १९३७ मध्ये हुकूमनामा अंतिम झाला आणि जूनमध्ये तिने सिंहासन सोडलेल्या आठव्या एडवर्डशी विवाह केला.

६/ पैशांच्या कराराचे काय? ‘हायमन विरुद्ध हायमन’ (१९२९) या खटल्यात पत्नीने विभक्त होताना ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक मागणार नाही, असे लिहून दिले होते. पुढे घटस्फोट झाल्यावर तिने पोटगी मागितली. हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क खाजगी कराराने सोडून देता येत नाही. पोटगीत समाजाचेही हित गुंतलेले असते.

७/ १९६३ मध्ये संगनमताचा नियम सैल झाला. १९६९चा कायदा १ जानेवारी १९७१ पासून लागू झाला आणि तो नियम नाहीसा झाला. दोन वर्षे वेगळे राहिलेल्यांना परस्परसंमतीने घटस्फोट मिळू लागला. आपसांतल्या आर्थिक तडजोडीला आता प्रतिष्ठा आली. पण ती पक्की व्हायला न्यायालयाचा ‘संमती-आदेश’ लागे.

८/ हा आदेश म्हणजे केवळ शिक्का नव्हे. एका प्रकरणात पतीने घरातला आपला हिस्सा पत्नीला दिला आणि तिने पोटगीचा हक्क सोडला. आदेशापूर्वीच तिचा दुसरा विवाह ठरला होता, हे तिने लपवले. १९८५ मध्ये लॉर्ड्सने तो आदेश रद्द केला : संमती खरी ठरायची, तर माहिती पूर्ण हवी.

९/ आणि आदेशच नसेल तर? डेल विन्स यांचा घटस्फोट १९९२ मध्ये झाला, तेव्हा ते जवळजवळ निष्कांचन होते. पुढे हरित ऊर्जेच्या उद्योगात ते श्रीमंत झाले. २०११ मध्ये माजी पत्नीने दावा केला. आर्थिक संबंध संपवणाऱ्या आदेशाची नोंदच सापडली नाही, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावा पुढे चालू दिला. अखेर ३ लाख पौंडांवर तडजोड झाली.

१०/ हा वारसा आपल्याकडेही आला. १८६९च्या भारतीय घटस्फोट कायद्यात संगनमताचा तोच नियम होता. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीचा घटस्फोट आला तो १९७६ मध्ये. कायद्याने दोघांच्या समजूतदारपणावर विश्वास ठेवायला एवढा काळ घेतला. तरी एक शंका त्याने सोडली नाही : करारावर सही करणारे दोघे त्या क्षणी खरोखर समान बळाचे होते का? तिचे उत्तर तपासण्यासाठीच तो शेवटचा कागद न्यायालयासमोर जातो.