संकेतस्थळावरील अर्जाचे ई-मेल पोचते कसे?

शाळा, रुग्णालय, पुस्तकांचे दुकान किंवा पर्यटन संस्था, कोणाचेही संकेतस्थळ उघडले की ‘संपर्क’ या पानावर एक छोटा अर्ज हमखास आढळतो. नाव, ई-मेल पत्ता आणि मजकूर भरून ‘पाठवा’ हे बटण दाबले की ‘धन्यवाद, आपला संदेश मिळाला’ अशी पाटी झळकते. प्रत्यक्षात त्या क्षणी संदेश फक्त निघालेला असतो, मिळालेला नसतो. प्रवेशाची चौकशी करणारा पालक उत्तराची वाट पाहत राहतो आणि शाळेला मात्र अशी चौकशी झाल्याचा पत्ताही नसतो. हा प्रकार टाळायचा, तर बटण दाबल्यानंतर काय घडते हे समजून घेणे आवश्यक ठरते.

दोन मार्ग

ब्राउझरला स्वतःहून ई-मेल पाठवता येत नाही. अर्जातील मजकूर तो वेब सर्व्हरकडे सोपवतो आणि तेथील पीएचपी किंवा तत्सम भाषेतील प्रोग्रॅम त्याचे ई-मेल बनवतो. पुढे दोन मार्ग संभवतात. पहिल्यात वेब सर्व्हरच्याच संगणकावरील मेल यंत्रणेकडे पत्र दिले जाते. पीएचपीतील ‘मेल’ हे फंक्शन हेच काम करते. ते यशस्वी झाल्याचे कळवते तेव्हा त्याचा अर्थ ‘पत्र पाठवण्यासाठी स्वीकारले’ एवढाच असतो, पोचल्याची ती पावती नव्हे.

शिवाय स्वस्त होस्टिंगमध्ये एकाच संगणकावर शेकडो संकेतस्थळे नांदत असतात. त्यांपैकी एकाने जरी नकोशा जाहिरातींचा मारा केला, तरी त्या संगणकाचा आयपी पत्ता काळ्या यादीत जातो आणि शेजाऱ्यांची पत्रेही अडतात. अनेक क्लाउड कंपन्या तर बाहेर जाणारा २५ क्रमांकाचा पोर्ट मुळातच बंद ठेवतात.

दुसऱ्या मार्गात प्रोग्रॅम दूरच्या, खास मेलसाठी चालवलेल्या सर्व्हरशी थेट संपर्क साधतो, आपली ओळख पटवतो आणि पत्र त्याच्या स्वाधीन करतो. त्या सर्व्हरची पत सांभाळणारी माणसे असल्याने पत्र पोचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

सर्व्हरशी संवाद

हा व्यवहार ‘एसएमटीपी’ या नियमावलीनुसार चालतो. जोनाथन पोस्टेल यांनी लिहिलेली तिची मूळ संहिता ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली. संवाद अगदी साधा असतो. जोडणी होताच सर्व्हर २२० हा आकडा पाठवून स्वागत करतो. मग पाठवणारा कोण, घेणारा कोण आणि मजकूर काय, हे क्रमाने सांगितले जाते. प्रत्येक टप्प्यावर २५० म्हणजे मान्य. चारने सुरू होणारा आकडा ‘तूर्त नाही, नंतर या’ असे सांगतो, तर पाचने सुरू होणारा कायमचा नकार देतो. उदाहरणार्थ, ५३५ म्हणजे नाव वा पासवर्ड चुकीचा. प्रोग्रॅमने ही उत्तरे नोंदवून ठेवली, तर बिघाड शोधणे सोपे जाते.

मूळ संहितेत ओळख पटवण्याची सोयच नव्हती. पुढे जाहिरातबाजांनी त्याचा गैरफायदा घेतला, तेव्हा पत्र दाखल करण्यासाठी ५८७ हा वेगळा पोर्ट १९९८ साली राखला गेला आणि १९९९ साली नाव-पासवर्डाची पद्धत नियमबद्ध झाली. जोडणीच्या आरंभापासूनच सांकेतिक आवरण देणाऱ्या ४६५ या पोर्टची शिफारस २०१८ च्या नियमावलीने केली. आवरणाशिवाय पासवर्ड पाठवणे म्हणजे पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहिण्यासारखे आहे.

हा पासवर्ड पानाच्या जावास्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नये, कारण तो कोणालाही वाचता येतो. सर्व्हरवरील सार्वजनिक फोल्डरबाहेरच्या फाइलमध्ये तो ठेवावा. जीमेलच्या बाबतीत वैयक्तिक खात्यांना ३० मे २०२२ पासून नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅममध्ये चालेनासा झाला. दुपदरी पडताळणी सुरू करून स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो किंवा ‘ओऑथ’ ही पद्धत वापरावी लागते.

प्रेषक कोण?

सर्वाधिक पत्रे हरवतात ती ‘प्रेषक’ या एका रकान्यामुळे. अर्ज भरणाऱ्याचा पत्ताच प्रेषक म्हणून टाकावा, म्हणजे उत्तर देणे सोपे, असा विचार स्वाभाविक वाटतो. पण मग पत्र निघते शाळेच्या सर्व्हरवरून आणि त्यावर नाव असते याहूचे. घेणाऱ्या सर्व्हरच्या दृष्टीने ही तोतयेगिरीच होय.

डोमेनच्या वतीने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, हे ‘एसपीएफ’ ही नोंद सांगते. पत्रावर डोमेनची अंकीय सही ‘डीकेआयएम’ करते. या दोहोंचा प्रेषकाच्या डोमेनशी मेळ बसला नाही तर काय करायचे, ते ‘डीमार्क’ ठरवते. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘अशी पत्रे नाकारा’ असे धोरण जाहीर केले आणि याहूचा पत्ता प्रेषक म्हणून वापरणारे असंख्य अर्ज एकाएकी मुके झाले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्वच प्रेषकांना एसपीएफ वा डीकेआयएम आणि जीमेलच्या खात्यांवर रोज ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या.

यावर उपाय सोपा आहे. प्रेषक म्हणून संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्यावा आणि अर्जदाराचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या रकान्यात ठेवावा. उत्तर योग्य व्यक्तीलाच जाते आणि तोतयेगिरीचा संशयही उरत नाही. वापरात असलेल्या मेल सर्व्हरचे नाव डोमेनच्या एसपीएफ नोंदीत घालण्यास मात्र विसरू नये.

देवनागरी आणि सुरक्षितता

१९८२ ची संहिता केवळ इंग्रजी अक्षरांचा विचार करून बनली होती. इतर लिप्यांची सोय १९९२ साली आलेल्या ‘माइम’ या पद्धतीने झाली. मजकुराचा संच यूटीएफ-८ असल्याचे सांगितले नाही किंवा विषयाची ओळ योग्य रीतीने सांकेतिक केली नाही, तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. पीएचपीमेलरसारखी तयार लायब्ररी हे काम करते, मात्र तिला अक्षरसंच सांगावा लागतो. लायब्ररी वेळोवेळी अद्ययावत करणेही गरजेचे आहे. डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलरमध्येच एक गंभीर त्रुटी उघड झाली होती.

अर्जदाराने लिहिलेले काहीही पत्राच्या शीर्षभागात तपासल्याविना घालू नये. नावाच्या रकान्यात नवी ओळ घुसवून भामटे शेकडो इतर पत्ते जोडू शकतात. तसेच, ज्याला पाठवायचे तो पत्ता अर्जाच्या पानात न ठेवता सर्व्हरवरच निश्चित करावा.

आधी नोंद, मग पत्र

खरा मेल सर्व्हर तात्पुरता नकार मिळाल्यास पत्र रांगेत ठेवतो. चार-पाच दिवस प्रयत्न करीत राहावे, असे नियमावली सुचवते. वेब पानामागील प्रोग्रॅमला अशी रांग नसते. दूरचा सर्व्हर त्या क्षणी बंद असेल, तर संदेश हवेत विरतो. म्हणून अर्ज येताच तो प्रथम डेटाबेसमध्ये नोंदवावा आणि मगच ई-मेल पाठवावे. पाठवणे फसले, तर तीच नोंद काही वेळाने पुन्हा पाठवता येते.

ही नोंद पूर्ण झाल्यावरच ‘आपला संदेश मिळाला’ असे म्हणणे खरे ठरते. महिन्यातून एकदा स्वतः अर्ज भरून पाहावा, स्पॅमच्या फोल्डरमध्येही डोकवावे आणि डेटाबेसमधील नोंदी व आलेली पत्रे यांची संख्या जुळते का, हे तपासावे. पाच मिनिटांच्या या तपासणीने एखाद्या पालकाची महिनाभराची वाट वाचू शकते.